पावसात बॉडी रंगवू नकोस

जोडून बनवायच्या प्लॅस्टिकच्या मॉडेल गाडीचं पहिलं किट १:२४ चंच घे, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं. चार मीटरची गाडी त्यात साधारण १७ सेंटीमीटरची होते, भाग हाताळायला बरे पडतात. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यातून ते ओढून तोडू नकोस, कटरने जरा लांबून काप आणि उरलेला कोंभ पॉलिश पेपरने घास.

खरी कसोटी रंगाची. आपल्या गोव्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट, की लॅकरचा (झटपट वाळणाऱ्या चकचकीत रंगाचा) स्प्रे मारला की चकाकी जाऊन पांढुरकी झाक येते. म्हापशात काय नि फोंड्यात काय, तेच! तोवर सीट, डॅशबोर्ड ब्रशने अ‍ॅक्रिलिक रंगात उरकून घे. बॉडी दिवाळीनंतर, कोरड्या दुपारी. आधी भांड्यांच्या साबणाने धू, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.

काचांना सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने त्या धुरकटतात. तिथे पांढरा फेविकॉल पुरे.