बर्फावरच्या यंत्रांची देखभाल: शिक्षण पीथमपुरात, काम पुढे कुठेही

आदरणीय महोदय,

बारावी झालेल्या आपल्या चिरंजीवाने गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंगचे उतार सारखे करणारे यंत्र पाहिले आणि आता त्याला अशाच यंत्रांच्या दुरुस्तीचे काम शिकायचे आहे. इंदूरच्या मुलाने हे खूळ का घ्यावे, असे आपण विचारता. मला ते खूळ वाटत नाही, मात्र त्याची सुरुवात गुलमर्गला करू नये.

हे यंत्र मुळात डिझेलवर चालणारे हायड्रॉलिक वाहन आहे. इंजिन पंप फिरवते आणि पंपाच्या दाबाखालचे तेल चाकांऐवजी असलेले रुंद पट्टे, पुढचे पाते आणि मागचा बर्फ भुसभुशीत करणारा दातेरी रोटर चालवते. मेकॅनिकचा बहुतेक वेळ पट्ट्यांचा ताण तपासणे, झिजलेले दाते बदलणे, तडकलेले होज (तेल वाहून नेणाऱ्या लवचीक नळ्या) ओळखणे आणि तेल स्वच्छ राखणे यातच जातो. उतार रिकामे झाल्यावर यंत्र रात्री चालते, त्यामुळे बिघाडही ऐन थंडीत हाताळावे लागतात. अशा थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आणले, ते याच अडचणीमुळे.

यातले हायड्रॉलिक्स आणि डिझेल इंजिन आपल्या शेजारच्या पीथमपुरात शिकता येते, कारण तिथे बॅकहो लोडरसारखी (ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो) बांधकामाची यंत्रे तयार होतात. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रम एक वर्षाचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा तीन वर्षांचा. त्यानंतर अशा कारखान्यात किंवा डीलरच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप करावी. हायड्रॉलिक सर्किटची आकृती आणि इंग्रजी मॅन्युअल वाचण्याची सवय त्याने आतापासूनच लावावी, कारण उतार सारखे करणाऱ्या यंत्रांत जर्मनीची पिस्टनबुली काय किंवा इटलीची प्रिनोथ काय, बाहेरच्या यंत्रांवर त्यावाचून निभाव लागत नाही.

नोकरीविषयी स्पष्टच लिहितो. गुलमर्ग आणि उत्तराखंडातले स्कीइंगचे ठिकाण औली येथे अशी यंत्रे मोजकीच आहेत आणि हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च एवढाच असतो, म्हणून केवळ त्यांच्या भरवशावर संसार उभा राहणार नाही. हिमालयातले रस्ते बर्फमुक्त ठेवणाऱ्या सीमा सडक संघटनेलाही मेकॅनिक लागतात. तिच्या भरतीकडे लक्ष ठेवावे. उरलेल्या महिन्यांत जेसीबी-लोडरच्या दुरुस्तीला इंदुरात तोटा नाही.

त्याचे बारावीचे विषय पत्रात नाहीत. विज्ञान असल्यास डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, तेव्हा गुणपत्रिकेची प्रत पाठवावी.