कोडमधून लिंक उघडेना, पीडीएफही उघडेना

प्रश्न : माझं सी शार्पमधलं विंडोज फॉर्म्सचं अ‍ॅप आहे. रिपोर्ट तयार झाला की पीडीएफ उघडते आणि मदतीच्या बटणावर वेबपेज, दोन्हीकडे प्रोसेस.स्टार्टची (कोडमधून प्रोग्राम किंवा फाइल उघडणाऱ्या फंक्शनची) एकेक ओळ. प्रोजेक्ट डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वरून डॉट नेट ८ वर नेला आणि सगळं बंद पडलं. लिंकला म्हणतो फाइल सापडत नाही, पीडीएफला म्हणतो हे चालण्याजोगं अ‍ॅप्लिकेशनच नाही. फाइल तर समोर दिसतेय!

उत्तर : फाइलला काही झालेलं नाही हो, बदललीये ती डीफॉल्ट सेटिंग. प्रोसेस.स्टार्टची युजशेलएक्झिक्युट ही सेटिंग जुन्या फ्रेमवर्कमध्ये न सांगताच ट्रू असायची, डॉट नेट कोअर आलं (तुमचं डॉट नेट ८ त्याचंच पुढचं रूप) तेव्हापासून ती फॉल्स आहे. ट्रू असली की विंडोजचं शेल मधे पडतं, .पीडीएफ कोण उघडतो, एचटीटीपीएस कोणाकडे द्यायचं हे तेच बघतं. फॉल्स असली की तुम्ही दिलेलं नाव थेट प्रोग्राम म्हणून चालवायला जातं, मग लिंकच्या नावाची एक्झी (प्रोग्रामची फाइल) कुठून सापडणार आणि पीडीएफ चालणार तरी कशी, म्हणून ते दोन वेगळे एरर.

उपाय सोपा आहे, प्रोसेसस्टार्टइन्फो हा ऑब्जेक्ट बनवा, फाइलनेममध्ये पाथ किंवा लिंक टाका, युजशेलएक्झिक्युट = ट्रू करा आणि ते स्टार्टला द्या, झालं. नेटवर काहीजण सीएमडीला (विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला) स्टार्ट कमांड देऊन लिंक उघडायला सांगतात, ते नका करू, लिंकमध्ये & आला की सीएमडी तिथेच तोडतं.

आता एक गोष्ट मात्र नीट बघा, ती लिंक येते कुठून? कोडमध्ये पक्की लिहिलेली असेल तर प्रश्नच नाही, पण डेटाबेसमधून किंवा युजरने टाइप केलेली असेल तर शेलला लिंक काय आणि एक्झीचा पाथ काय, दोन्ही सारखंच, देईल चालवून. म्हणून आधी युआरआय.ट्रायक्रिएटने तपासा आणि स्कीम (लिंकचा सुरुवातीचा भाग) एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस असेल तरच पुढे जाऊ द्या. हे दोन ओळींचं काम लोक हमखास टाळतात.

आणि हो, स्टार्टकडून नल (म्हणजे काहीच नाही) पण परत येऊ शकतो, ब्राउझर आधीच चालू असेल तर नवीन प्रोसेस बनेलच असं नाही, त्यामुळे पुढे वेटफॉरएक्झिट (प्रोसेस संपेपर्यंत थांबणं) लावलं असेल तर आधी नल चेक करा.