सुपरहिरोंचा इतिहास वाचायचाय? १९३८ पासून सुरू करा

सिनेमे पाहून गोडी लागली, छानच झालं. पण इतिहासात शिरताना ते जरा बाजूला ठेवा; नवखे हमखास तिथेच अडकतात.

आधी १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक वाचा. त्यातला सुपरमॅन परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नाही. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तो भिंतीवर आपटतो, वॉशिंग्टनमधल्या दलालाच्या मागे लागतो. १९३०च्या दशकातल्या महामंदीने पिचलेल्या माणसांचा राग आहे तो! सुपरमॅन घडवणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर ही स्थलांतरित ज्यू घरांतली, क्लीव्हलँडची पोरं. त्यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरना देऊन टाकले. मला हे अजून टोचतं.

पुढे एवढं सांभाळा:

- अंकावरची तारीख आधी बघा. कॅप्टन अमेरिका हिटलरला ठोसा मारतो तो अंक मार्च १९४१चा, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्याही आधीचा. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीच नव्हती.
- १९५४ची कॉमिक्स संहिता, म्हणजे कॉमिक्समध्ये काय दाखवायचं नाही याची प्रकाशकांनीच केलेली नियमावली, समजून घ्या. त्यानंतरच्या गोष्टी इतक्या मवाळ का, ते उलगडेल.
- सगळे अंक क्रमाने वाचायचा हट्ट नको. दमून सोडून द्याल.

मल्टिव्हर्सच्या, म्हणजे अनेक समांतर विश्वांच्या, भानगडीत इतक्यात पडू नका. पहिला अंक वाचून झाला की सांगा, पुढचं ठरवू.