किल्ली घरात असताना बटण-स्टार्ट गाडी चोरीला जाऊ शकते का?

होय, किल्ली घरात खुंटीला टांगलेली असली तरी अशी गाडी चोरीला जाऊ शकते. दाराच्या हँडलला हात लागताच गाडी साधारण १२५ ते १३५ किलोहर्ट्झचा, किल्ली जवळ आहे का हे तपासणारा क्षीण रेडिओ संकेत सोडते, जो एरवी मीटर-दीड मीटरच पोहोचतो. पण एक चोर गाडीपाशी आणि दुसरा घराच्या भिंतीलगत उपकरण घेऊन उभा राहिला, की तोच संकेत किल्लीपर्यंत नेला जातो आणि किल्ली जवळच आहे असे समजून गाडी सुरू होते. म्हणून किल्ली, आणि जोडीची दुसरी किल्लीसुद्धा, संकेत अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवावी. किल्ली आत ठेवून पाकीट गाडीला टेकवल्यावरही दार उघडले, तर ते निरुपयोगी समजावे. मात्र वायरिंगला उपकरण जोडून केलेली चोरी पाकिटाने थांबत नाही, त्यासाठी स्टिअरिंगला वेगळे कुलूप हवे.