वेबपानाची पीडीएफ पुसट का येते?

प्रश्न : आमच्या वाचनालयासाठी मी होळकरकालीन इतिहासावरील वेबपाने पीडीएफ करून ठेवतो, परंतु छापल्यावर अक्षरे पुसट दिसतात आणि कित्येक चित्रांच्या जागा कोऱ्याच राहतात. काय करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण बहुधा स्क्रीनशॉट घेऊन ते जोडत असावेत. तसे केल्यास अक्षराचेही चित्रच बनते आणि मोठे करून पाहिल्यास ‘क्ष’च्या गाठीच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटलेल्या दिसतात. त्याऐवजी ब्राउझरच्या प्रिंट खिडकीतून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडावे, म्हणजे अक्षर कितीही मोठे केले तरी रेखीव राहते आणि मजकुरात शब्दही शोधता येतो; जोडाक्षरांच्या शोधात मात्र कधीकधी गफलत होते, हे खरे. चित्रे कोरी राहतात, कारण अनेक पाने खाली सरकल्यावरच ती मागवतात; म्हणून पान आधी सावकाश शेवटपर्यंत न्यावे. कागद ए४ ठेवावा. ६०० पिक्सेल रुंदीचे चित्र ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) छापल्यास जेमतेम २ इंच भरते, आणि पीडीएफ कितीही काळजीपूर्वक केली तरी मुळात नसलेला तपशील तीत येत नाही. त्यामुळे राजवाड्याच्या दुर्मिळ छायाचित्रांची उपलब्ध असलेली सर्वांत मोठी फाइल आपण अवश्य वेगळी उतरवून ठेवावी.