आरशाखालचा दिवा आणि दारातली वायर

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि दुरुस्ती

द्राक्षाचा आणि उसाचा हंगाम एकाच सुमारास येतो, त्यामुळे पिकअपच्या आरशाला जादा एलईडी लावण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांना मिळून एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : आमची १२ व्होल्टची डिझेल पिकअप आहे. हंगामात क्रेट भरायला गाडी बागेच्या कडेने रिव्हर्स घ्यावी लागते आणि तोवर अंधार पडलेला असतो. मागचा रिव्हर्स दिवा लागतो, पण मागचं चाक, ठिबकची नळी आणि मांडवाच्या ताणाच्या तारा आरशात दिसत नाहीत. आरशातच एलईडी बसवता येईल का? किती वॅटचा? सामान काय लागेल?
(द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका)

उत्तर : बसवता येतो, आणि तुमच्या कामाला त्याहून चांगली जागा नाही. रिव्हर्स दिव्याचा उजेड हौद्याच्या मागे पडतो, चाकाच्या बाजूला पोचत नाही. आरशाखालून मागे सोडलेला उजेड गाडीच्या कुशीला धरून जातो. आरसा जी जमीन दाखवतो नेमकी तीच उजळते.

एका बाजूला १० वॅट पुरे. रिव्हर्सचा नेहमीचा २१ वॅटचा बल्ब सुमारे ४६० ल्यूमेन उजेड देतो. बऱ्यापैकी १० वॅटच्या एलईडीचा उजेड ८०० ल्यूमेनच्या आसपास असतो. डब्यावर छापलेल्या आकड्यावर मात्र जाऊ नका. दुकानातच बॅटरीला जोडून मल्टीमीटरवर अँपिअर बघा. १३ व्होल्टला १० वॅटचा दिवा पाऊण अँपिअर घेतो. ‘७२ वॅट’ लिहिलेला दिवा एकच अँपिअर घेत असेल, तर तो १३ वॅटचा आहे. झोत पसरट, म्हणजे ‘फ्लड’ घ्या. ‘स्पॉट’ घेतला तर चाकाजवळ एक पांढरा ठिपका पडतो आणि भोवतालचा अंधार आणखी गडद वाटतो.

सामान असं : १० वॅटचे दोन दिवे, अ‍ॅल्युमिनियम बॉडीचे; १२ व्होल्टचा चार पायांचा रिले (लहान करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच), बेससकट; ५ अँपिअरचा पाती फ्यूज, होल्डरसह; १ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर, लाल ८ मीटर आणि काळी ५ मीटर; रिलेच्या इशाऱ्यासाठी अर्ध्या चौरस मिलिमीटरची ३-४ मीटर; श्रिंक स्लीव्ह (तापवली की वायरीवर आवळून बसणारी नळी), लग (वायरीच्या टोकाला लावायची पट्टी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी), नायलॉक नट (थरथरीने न सुटणारा).

रिव्हर्सच्या वायरीलाच दिवे जोडून मोकळं व्हायचा मोह होतो. ते करू नका. दोन दिव्यांचे दीड-पावणेदोन अँपिअर त्या वायरीवर आणि गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचवर वाढतात. स्विचचे काँटॅक्ट जळले की मूळचा रिव्हर्स दिवाही जातो. रिव्हर्सच्या वायरीने फक्त रिलेला इशारा द्यायचा. रिलेच्या पायांवर नंबर असतात. ३० नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह, मध्ये फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. ८७ वरून दोन्ही दिवे. ८६ ला रिव्हर्सची वायर, ८५ अर्थला. रिव्हर्सची वायर रंगावरून ओळखू नका. इग्निशन चालू करून, गिअर रिव्हर्सला टाकून टेस्ट लॅम्पने शोधा.

आता दार. या कामात दिवा बसवणं सोपं. वर्षभर टिकणार की नाही ते वायर दारातून कशी गेली यावर ठरतं. पॉवर विंडोच्या गाडीत दार आणि खांब (दाराची बिजागरी बसते तो बॉडीचा भाग) यांच्यामध्ये रबरी बूट, म्हणजे वायरी नेणारी लवचिक नळी, असते. जुनी क्लच केबल साबणाच्या पाण्यातून काढून बुटातून आधी पुढे सारा, तिला वायर बांधा आणि ओढून घ्या. दारात वायर काचेच्या चॅनेलपासून लांब, पत्र्याच्या कडेने क्लिप करत न्या. काच पूर्ण खाली-वर करून बघितल्याशिवाय आतलं कव्हर बसवू नका.

हाताने काच फिरवायच्या गाडीत बऱ्याचदा बूटच नसतो. मग दारात आणि खांबात एकेक १२ मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. दोन्ही भोकं समोरासमोर पाडू नका, एक वर आणि एक दोन-तीन इंच खाली ठेवा. समोरासमोर असली की दार उघडताना वायर एकाच जागी दुमडते. वर-खाली असली की तिला पीळ बसतो आणि तो ताण लांबीवर वाटला जातो. उघड्या पत्र्याला प्रायमर लावून मगच ग्रोमेट बसवा. भोकात शिरण्याआधी वायरीला खालच्या बाजूला थोडा झोल ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून ठिबकेल, आत येणार नाही.

अर्थ दाराच्या पत्र्यावर घेऊ नका. बिजागरीत ग्रीस असतं, वर रंग असतो. करंट कधी जातो, कधी नाही. काळी वायर स्वतंत्र आणून डॅशबोर्डखाली बॉडीच्या मूळ अर्थ बोल्टला लावा.

दिवा कुठे लावायचा? लोखंडी दांड्यावर आरसा असेल तर दांड्यालाच क्लॅम्प करून, काचेच्या खालच्या कडेपेक्षा थोडा खाली आणि तोंड मागे. दिव्याची काच ड्रायव्हरला आरशात दिसता कामा नये, नाहीतर डोळे दिपतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. झोताचा मध्य मागच्या चाकाच्या बाहेर साधारण हातभर अंतरावर पडू दे. गाडीला अगदी चिकटून सोडला तर हौद्याचा पांढरा पत्राच चमकत राहतो. हे ॲडजस्टमेंट अंधार पडल्यावर, ड्रायव्हरने सीटवर बसून, दुसऱ्याने दिवा हलवत करायचं. दुपारी गॅरेजमध्ये जमत नाही.

प्रश्न : हाच दिवा गाडी उभी करून माल भरतानाही लावायचा आहे. रिव्हर्स न टाकता कसा लागेल?
(पलूस)

उत्तर : डॅशबोर्डवर तीन टर्मिनलचा, मध्ये बंद राहणारा टॉगल स्विच लावा. मधलं टर्मिनल रिलेच्या ८६ ला. एका टोकाला रिव्हर्सची वायर, दुसऱ्या टोकाला चावीवर चालणारा सप्लाय. दोन्ही वायरी स्विचशिवाय थेट ८६ ला एकत्र बांधल्या, तर माल भरताना करंट उलटा जाऊन मागचा रिव्हर्स दिवाही पेटतो. सप्लाय चावीवरूनच घ्या. थेट बॅटरीवरून घेतला आणि दिवे रात्रभर राहिले तर दहा तासांत सुमारे १७ अँपिअर-तास उतरतात. जुन्या बॅटरीवर सकाळी सेल्फ उचलत नाही. गाडी रस्त्याला लागण्याआधी स्विच मध्ये किंवा रिव्हर्सवर आणायचा, हे ड्रायव्हरला बजावून सांगा.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी दिवे लावून घेतले. डावा दिवा दार हललं की लुकलुकतो. नंतर फ्यूज उडू लागला, म्हणून ५ च्या जागी २० अँपिअरचा घातला. आता उडत नाही, पण वास येतो.
(कराड)

उत्तर : २० चा फ्यूज आत्ता काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत दिवे बंद ठेवा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की शॉर्ट झाल्यावर आधी वायर तापते, आणि वास त्याचाच आहे.

लक्षणं बघता वायर बिजागरीपाशी तुटते आहे. आधी आतल्या तारा एकेक करून तुटतात, तेव्हा दिवा लुकलुकतो. मग आवरण घासून तांबं पत्र्याला टेकतं, तेव्हा फ्यूज उडतो. खात्रीसाठी बॅटरीची वायर काढून मल्टीमीटर बझरवर ठेवा, एक टोक दिव्याकडे, दुसरं रिलेच्या ८७ कडे, आणि दार सावकाश उघडा-मिटा. आवाज तुटला की जागा सापडली. मग लाल वायर आणि बॉडी यांच्यात बघा. तिथे बझर वाजायला नको. या तपासणीआधी दिव्याचं कनेक्शन सोडून घ्या.

तुटलेल्या जागी जोड देऊन टेप गुंडाळू नका. बुटाच्या आत जोड नकोच, डाग दिलेला तर मुळीच नको. कथील तारांमध्ये चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि जिथे कथील संपतं तिथे वायर पुन्हा तुटते. खांबाच्या आतपासून आरशापर्यंत अखंड नवी वायर टाका. बदलताना डॅशबोर्डखालची वायरही हाताने चाचपून बघा. आवरण मऊ पडलं असेल किंवा चिकटत असेल तर तीही बदला.

प्रश्न : आरशाच्या प्लॅस्टिक कव्हरच्या आत ३६ वॅटची पट्टी बसवली. दहा मिनिटांत उजेड मंदावतो. दिवा खराब आहे का?
(इस्लामपूर)

उत्तर : दिवा तापतो आहे. एलईडी घेतलेल्या विजेतला मोठा भाग उष्णतेत घालवते आणि बंद कव्हरमध्ये त्या उष्णतेला वाट नाही. काही दिव्यांतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट, तापल्यावर स्वतःच करंट कमी करतो, म्हणून उजेड मंदावतो. ज्यात ती सोय नाही ते दिवे काही महिन्यांत निकामी होतात, कव्हरचं प्लॅस्टिकही वाकडं होतं. कव्हरच्या आत ५ वॅटच्या वर जाऊ नका, तेही मागे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावून. जास्त हवा असेल तर दिवा बाहेर, वारा लागेल असा. अमेरिकेतल्या फोर्डच्या काही पिकअपना आरशातले दिवे कारखान्यातूनच येतात, पण तिथे आरशाचं घर मुळातच त्या दिव्यासाठी बनवलेलं असतं.

प्रश्न : महाबळेश्वर–वाई फेऱ्या असतात. दिव्यावर आयपी ६७ लिहिलंय, तरी पहिल्याच पावसाळ्यात काचेत पाणी आलं.
(वाई)

उत्तर : आयपी ६७ म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचं मानांकन. त्यातली पाण्याची चाचणी एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तुमच्या दिव्याला तो वाऱ्यासकट झोडपतो. त्यात दिवा तापलेला असतो. थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढते. बहुतेक वेळा ती फट म्हणजे वायर बॉडीत शिरते ती जागा. तिथे आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह आणि सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला गंज चढवतं, म्हणून ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागून घ्या. आरशाच्या कव्हरला खाली पाणी निघायचं भोक असतं, ते मात्र बुजवू नका. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा फवारा दिव्यावर जवळून मारू देऊ नका. ६७ च्या चाचणीत तो येत नाही.

प्रश्न : दिवा लावल्यापासून आरसा थरथरतो.
(जत)

उत्तर : वजन आरशाच्या कव्हरवर टांगलं आहे. दिवा दांड्याच्या मुळाजवळ आणा, नायलॉक नट वापरा.

प्रश्न : पासिंगला अडचण येईल का?
(मिरज)

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार गाडीच्या मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दाखवता येत नाही, रिव्हर्स दिव्यासारखे मोजके अपवाद आहेत. म्हणून दिवा फक्त रिव्हर्सला लागेल अशीच जोडणी ठेवा. माल भरण्याचा स्विच लावला असेल तर पासिंगआधी तो काढलेला बरा. पुढे तोंड केलेला, निळा किंवा लुकलुकणारा दिवा आरशावर नकोच. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू नका. रिव्हर्सच्या कनेक्टरवर जोडकनेक्टर घालून इशारा घ्या, म्हणजे हवं तेव्हा सगळं जसंच्या तसं काढता येतं.

प्रश्न : रिव्हर्स टाकला की रेडिओत खरखर येते. आधी येत नव्हती.
(कोरेगाव)

उत्तर : एलईडीच्या ड्रायव्हरमधून ती येते. लाल आणि काळी वायर एकमेकींना पीळ देऊन न्या, अँटेनाच्या केबलपासून लांब ठेवा आणि दिव्याजवळ वायरीवर फेराइटची कडी चढवा. तरीही खरखर राहिली तर दिवा बदला; स्वस्त दिव्यांत फिल्टरचा कपॅसिटर बऱ्याचदा घातलेलाच नसतो.