कुत्र्याने नको ती वस्तू गिळली तर

प्रश्न : रंकाळ्यावर फिरताना आमच्या लॅब्रॅडॉरने कोणीतरी टाकलेले मक्याच्या कणसाचे अर्धे बुरकुंड गिळले. आज तिसरा दिवस आहे. तो खेळतो, पाणी पितो. मात्र कालपासून दोनदा उलटी झाली आहे. शौचावाटे पडण्याची वाट पाहावी का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : वाट पाहू नये, असे आपल्याला तातडीने कळवले आहेच, इतरांसाठी येथे सविस्तर लिहितो. बुरकुंड पचत नाही. ते जठरात काही दिवस, क्वचित काही आठवडेही निमूट पडून राहते आणि पुढे सरकल्यावर लहान आतड्यात अडकते. त्यामुळे कुत्रा खेळतो आहे, एवढ्यावर निर्धास्त राहणे मला फार धोक्याचे वाटते. अडकलेल्या जागी आतड्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, ती सडते, तिला छिद्र पडते आणि आतील घाण पोटात पसरते. तोवर शस्त्रक्रिया अवघड झालेली असते. हाड किंवा धातू क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसतो, पण बुरकुंड, कापड, प्लॅस्टिक बहुधा दिसत नाही, म्हणून चित्र स्वच्छ आले तरी सोनोग्राफीचा आग्रह धरावा. उरलेला तुकडा हाती असल्यास सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना आकाराचा अंदाज येतो. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने निघण्यापूर्वी काही खायला घालू नये.

प्रश्न : काही गिळताच मिठाचे पाणी पाजून उलटी काढावी, असे शेजारी सांगतात. हे योग्य आहे का? (राजारामपुरी)

उत्तर : कृपया असे करू नये. मिठामुळे रक्तातील सोडियम एकाएकी वाढून झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. उलटी काढणे काही मोजक्याच वस्तूंसाठी, साधारण पहिल्या दोन तासांत आणि डॉक्टरांनी इंजेक्शन देऊनच योग्य ठरते. टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडते. घड्याळातील चपटा सेल अन्ननलिकेत अडकला, तर काही तासांतच ती भाजून निघते, त्यामुळे सेल गिळल्यास रात्र असली तरी निघावे.

प्रश्न : शिवणकामाचा दोरा आमच्या कुत्रीच्या गुदद्वारातून लोंबतो आहे. ओढून काढावा का? (शाहूपुरी)

उत्तर : मुळीच ओढू नये. दोऱ्याचे दुसरे टोक आत, बहुधा जठराच्या तोंडाशी, अडकलेले असू शकते. अशा वेळी आतडे पायजम्याच्या नाडीवर कापड चुण्या होऊन जमावे तसे दोऱ्यावर गोळा होते आणि ताणलेला दोरा त्याला आतून कापत जातो. दोऱ्याला सुई होती का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बाहेरचा दोरा कुत्री चावून ओढणार नाही, याची काळजी घेत तिला आजच दाखवावे.

प्रश्न : रविवारच्या मटणाची हाडे घालावीत का? (उचगाव)

उत्तर : शिजलेली हाडे घालू नयेत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात. जठरात पोहोचलेली हाडे पुष्कळदा आम्लात विरघळतात, खरा धोका अन्ननलिकेत अडकलेल्या हाडाचा असतो. सतत लाळ गळणे, मान ताणून वारंवार गिळण्याचा प्रयत्न करणे, खाल्लेले लगेच बाहेर येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ‘हाड खाली ढकलण्यासाठी’ भाकरीचा घास भरवू नये, कारण त्याने ते अधिक घट्ट रुतते.